‘गेली’ की ‘मेली’?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरची एक कोंबडी नऊ वर्षांची होऊन गेली. या वाक्यातल्या शेवटच्या क्रियापदावरून एक वाद झाला. प्रस्तुत लेख त्या वादापुरता आहे.

घडले ते असे. कोंबडी गेल्यावर आम्ही तिच्यावर तीनेकशे शब्दांचे एक टिपण लिहिले आणि एका वाङ्मयीन नियतकालिकाकडे पाठवले. त्या नियतकालिकात दर अंकात एक पान स्मरणलेखांसाठी राखलेले असते. तिथे कोंबडीला जागा मिळेलच अशी आमची भाबडी अपेक्षा नव्हती. साभार परत आले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण टिपण साभार परत आले नाही. ते दुरुस्त होऊन आले. मजकुरात तीन ठिकाणी ‘गेली’ होते, तिन्ही ठिकाणी ते खोडून ‘मेली’ केले होते. शेजारी शेरा होता : जनावर मरते, माणूस जातो, औचित्य सांभाळावे. खाली एक सूचनाही होती. विषय गमतीदार आहे, जरा नर्मविनोदी वळण दिल्यास दिवाळी अंकाच्या ललित विभागात घेता येईल. हा किस्सा आम्ही शिक्षककक्षात सांगितला, तेव्हा एका सहकाऱ्यांनी विचारले, “नऊ वर्षांची? मग रस्सा काही नीट झाला नसेल!” सगळे हसले. खोटे कशाला बोला, सवयीने आम्हीही हसलो.

त्या हसण्याची लाज वाटली म्हणून हे लिहीत आहोत. संपादकांचा शेरा आणि सहकाऱ्यांचा विनोद ही एकाच समजुतीची दोन रूपे आहेत असे आमचे म्हणणे आहे. कोंबडीचा मृत्यू ही स्वयंपाकघरातली घटना आहे, साहित्यातली नव्हे. साहित्यात ती आलीच तर हसण्यासाठी यावी, अशी ती समजूत. ती चुकीची आहे, आणि तिची मुळे आपण वर्गात जे काव्यशास्त्र शिकवतो त्यातही आहेत, हे आम्हाला दाखवायचे आहे.

आधी त्या कोंबडीविषयी. ती आमच्या धाकट्या काकींची. काकी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात राहतात. परसात खुराडे आहे, त्यात कधी सहा, कधी दहा कोंबड्या असतात. ही रंगाने तांबडी, म्हणून तिचे नाव तांबडी. काकी मात्र तिला नावाने क्वचितच हाक मारीत. ओटीवर चढली की “मेले, उतर खाली”, वाळवणात शिरली की “मेली आली बघा पुन्हा”. कोकणातल्या बायकांच्या तोंडी हा शब्द शिवीचा असतो आणि लाडाचाही. मुलींना, सुनांना, मांजरांना, कोंबड्यांना तो सारखाच मिळतो.

तांबडी तलंग होती तेव्हा मुंगसाच्या तोंडातून सुटली. मानेवरची पिसे त्या जागी पुन्हा नीट उगवली नाहीत. पुढे तिने पाच-सहा वेळा पिले काढली. खुडूक बसली की ती एकवीस दिवस अंड्यांवरून उठायची ती चार दाणे आणि दोन घोट पाण्यापुरती. सहाव्या वर्षानंतर अंडी जवळजवळ थांबली. सातव्या वर्षी तिच्या पायांना मागच्या बाजूला कोंबड्याला असतात तशी अणकुचीदार टोके फुटली आणि एके पहाटे ती चक्क आरवली. शेजारी म्हणाले, आरवणारी कोंबडी घराला बरी नव्हे, कापून टाका. वस्तुतः यात अपशकुन काही नाही. कोंबडीच्या शरीरात सहसा डावे बीजकोश तेवढे काम करते. म्हातारपणी वा आजारपणात ते थंडावले की क्वचित नराची लक्षणे दिसू लागतात. काकींना हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, “आरवू दे मेलीला. माझी झोप मोडते, तुमची नाही ना?”

काकी शाकाहारी नाहीत. त्याच खुराड्यातल्या कितीतरी कोंबड्या पाहुण्यांसाठी, शिमग्यासाठी, राखणीसाठी त्यांनी कापू दिल्या आहेत. तांबडीवर सुरी का नाही, याचे कारण त्यांनी कधी सांगितले नाही. विचारले तर म्हणत, “राहिली ती राहिली.” शेवटच्या महिन्यात तिला दांडीवर चढता येईना. तुरा फिकट पडला, एका डोळ्याने दिसेनासे झाले, दुसऱ्या कोंबड्या दाण्यावरून ढकलू लागल्या. मग काकी तिला रात्री चुलीपाशी डालग्याखाली ठेवू लागल्या. कण्या शिजवून, गार करून द्यायच्या. शेवटचे दोन दिवस तिने चोच उघडली नाही, तेव्हा बोट पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला लावायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डालगे उचलले, थोडा वेळ पाहिले आणि त्या म्हणाल्या, “गेली.”

वाचकहो, हे क्रियापद आमचे नव्हे. नऊ वर्षे जिला ‘मेली’ म्हटले तिला मेल्यावर काकी ‘मेली’ म्हणाल्या नाहीत. आम्ही टिपणात त्यांचाच शब्द ठेवला होता. संपादकांनी दुरुस्ती केली ती आमच्या लेखनाची नव्हे, काकींच्या मराठीची.

त्यानंतर काकींनी बाकीच्या कोंबड्या सोडल्या, त्यांना दाणे टाकले, आणि मग परसात शेवग्याच्या बुडाशी खड्डा खणवला. हातभर खोल, वर दगड, कुत्र्याकोल्ह्याने उकरू नये म्हणून. फूल नाही, उदबत्ती नाही. हातपाय धुऊन चहा ठेवला. निरोप एवढाच. आम्ही तिथे होतो. आम्हाला काही बोलावेसे वाटले आणि काही सुचले नाही. सुचले नाही याचे कारण आमचा कोरडेपणा असेल. पण आयुष्य मराठी वाङ्मय शिकवण्यात घालवलेल्या माणसाला अशा वेळी एकही ओळ आठवू नये, याला आणखीही काही कारण असले पाहिजे, असे तेव्हापासून वाटत राहिले.

आता क्रियापदांकडे वळू. मराठीत माणूस जातो, वारतो, निवर्ततो, देवाघरी जातो, दिवंगत होतो. गुरे दगावतात. कोंबड्या मरतात, आणि संख्येने फार झाल्या तर त्या मरतही नाहीत, त्या ‘नष्ट केल्या जातात’. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली, तेव्हा लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी आणि त्यानंतर पुन्हा नवापुरात तेच झाले. रोग माणसांपर्यंत पोहोचू नये म्हणून ते आवश्यक होते, याविषयी आमचा वाद नाही. पण बाधित क्षेत्रातल्या पक्ष्यांत कुक्कुटपालन केंद्रांतल्या कोंबड्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही येतात. ज्यांना नावे होती, ज्यांच्या खोड्या घरच्यांना पाठ होत्या, अशाही त्यांत असणार. त्या घरांत त्या दिवशी काय झाले, हे आमच्या वाचनात आलेल्या मराठी साहित्यात कुठेही नोंदलेले नाही. आकडे आले, नुकसानभरपाईचे दर आले, कोंबडी खाणे सुरक्षित आहे की नाही याच्या चर्चा आल्या. ‘विल्हेवाट’ हा शब्द आला. घटना घडली, पण शोक म्हणून तिला भाषेत जागा मिळाली नाही.

नामांचीही तीच गत आहे. न व्यालेली गाय कालवड, पोटुशी गाय गाभण, आटलेली गाय भाकड. गाय म्हातारी झाली तर तिच्यासाठी पांजरपोळ ही संस्था आहे. तिथे प्रत्यक्षात काय होते हा प्रश्न वेगळा, पण म्हाताऱ्या जनावराला जागा हवी ही कल्पना तरी समाजाने केली. कोंबडीसाठी तलंग आहे, खुडूक आहे. अंडी थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबडीसाठी शब्द आमच्या तरी ऐकण्यात नाही. तिच्या म्हातारपणाला चिकटणारे एकच विशेषण आहे, ‘वातड’, आणि ते खाणाऱ्याच्या दातांच्या बाजूने केलेले वर्णन आहे. आजच्या व्यवहारात तर शब्द घडण्याची शक्यताही उरलेली नाही. मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत कापली जाते. अंड्यांसाठी ठेवलेली साधारण दीड वर्षाची होताच उत्पादन घटले म्हणून काढून टाकली जाते. घरगुती कोंबडी नीट सांभाळली तर सात-आठ वर्षे, कधी त्याहून अधिक जगते. म्हणजे म्हातारी कोंबडी हा प्राणीच आपण जवळजवळ नाहीसा केला आहे. जो दिसतच नाही त्याच्या मरणाला क्रियापद कुठून असणार?

आता काव्यशास्त्र. संपादकांनी ‘औचित्य’ हा शब्द सहज वापरला असेल असे आम्ही मानत नाही. आपण सगळेच तो क्षेमेंद्रापासून शिकवतो. आपल्या परंपरेचा आरंभच एका पक्ष्याच्या मरणाने होतो, हेही शिकवतो. व्याधाने क्रौंचाला मारले, मागे राहिलेल्या मादीचा आक्रोश ऐकून वाल्मीकीचा शोक श्लोक झाला; आनंदवर्धनाने ही कथा काव्याच्या आत्म्याचा दाखला म्हणून घेतली आणि अभिनवगुप्ताने बजावले की हा शोक त्या मुनीचा व्यक्तिगत शोक समजू नये. वर्गात हे सांगताना आमचा आवाज गंभीर होतो. ‘शाकुंतला’चा चौथा अंक शिकवताना तर होतोच : सासरी निघालेल्या शकुंतलेचे वस्त्र मागून कोणी ओढते, आणि ती वळून पाहते तो तिने वाढवलेले हरणाचे पाडस. एकाही विद्यार्थ्याला तिथे हसू येत नाही.

मग हसू कुठे येते? विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसाभासाची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत शृंगाराच्या संदर्भात दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात : अधम पात्र आणि तिर्यक् योनी, म्हणजे हलक्या दर्जाची माणसे आणि पशुपक्षी. यांच्या ठिकाणी रती असेल तर तो रस नव्हे, रसाचा आभास. जाणकार म्हणतील, तिथे प्रश्न भावनेच्या आश्रयाचा आहे, आलंबनाचा नव्हे. शिवाय शृंगाराचा नियम करुणाला लावू नये. मान्य. आमचा मुद्दा सूत्राच्या शब्दांपेक्षा त्याने वळवलेल्या रुचीचा आहे. काकींच्या शोकात आलंबन आहे तिर्यक्, आणि आश्रय आहे चूल, शेण आणि खुराडे यांत हयात काढलेली एक बाई. विश्वनाथाने जी दोन पात्रे रसाच्या उंबऱ्याबाहेर एकत्र उभी केली, ती दोन्ही त्या सकाळी डालग्याच्या दोन बाजूंना होती. हरीण चालते, कारण हरणापाशी शकुंतला आहे. क्रौंच चालतो, कारण त्याच्यापाशी मुनी आहे. कोंबडीपाशी कोण आहे, हे पाहून आपण हसायचे की गहिवरायचे ते ठरवतो.

मराठीकडे पाहिले तरी हेच दिसते. ‘श्यामची आई’तल्या मोऱ्या गाईचा मृत्यू घरोघरी वाचला गेला आणि वाचणारे रडले, योग्यच केले. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस, नागाला नागपंचमी. रायगडावर वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्या कुत्र्याला समकालीन पुरावा सापडत नाही म्हणून वाद होत आले आहेत. पण पुरावा नसतानाही स्वामीच्या चितेत उडी घेणारा कुत्रा मराठी मनाला खरा वाटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निष्ठेची आपली कल्पना कुत्र्यात मावते, मातृत्वाची गाईत, कष्टाची बैलात. कोंबडीत कोणतीही थोर कल्पना मावत नाही. ती भित्री, ती उकिरडा उकरणारी. तिचा वाङ्मयीन वावर म्हणजे सोन्याच्या अंड्याची बोधकथा, ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण, आणि अलीकडे ‘जत्रा’ चित्रपटातले ‘कोंबडी पळाली’. धर्मव्यवहारात ती देणे फेडण्याची वस्तू आहे : राखणदाराला, गावदेवीला, नवसाला. आणि तेवढ्यापुरते गाव आणि ग्रीस यांत अंतर नाही. मरताना सॉक्रेटिसाला आठवले ते अस्क्लेपियस देवाला द्यायचे राहून गेलेले एक कोंबडे. ते कोणाच्या परसातले होते, हे प्लेटो सांगत नाही.

ही उपेक्षा केवळ पक्ष्याची नाही. गाय-बैल ज्याच्या गोठ्यात बांधलेले असतात त्याच्या नावावर जमीन असते. कोंबडी पाळायला जमीन लागत नाही. म्हणून ती भूमिहीनांच्या दारात असते, आणि जमीनवाल्यांच्या घरी असली तरी बायकांच्या ताब्यात असते. अंड्यांचे पैसे हे कित्येक घरांत बाईच्या हातातले एकमेव स्वतःचे पैसे. काकींच्या थोरल्या मुलीची शाळेची वह्या-पुस्तके अंड्यांवर आली, हे आम्ही पाहिले आहे. ज्यांनी कोंबड्या पाळल्या त्यांनी दीर्घकाळ लिहिले नाही, आणि ज्यांनी लिहिले त्यांच्या अनेकांच्या अंगणात कोंबडी वर्ज्य होती. म्हणून मराठीला गाईचा विलाप आहे आणि कोंबडीचा नाही. हा रुचीचा निवाडा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो अंगणांचा इतिहास आहे.

यावर कोणी म्हणेल की कोंबडीशी या भूमीचे नाते तरी काय? नाते जुने आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवले की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आलेले नाही. ते राखी रानकोंबड्याकडून आले असावे. आणि हा राखी रानकोंबडा दक्षिण व पश्चिम भारतातला, आपल्या सह्याद्रीतला. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या हा वारसा घेऊन चालतात. तांबडीचे पायही पिवळे होते.

असे शोक जगात कोणी शब्दांत मांडलेच नाहीत असे नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथे वेस्ट टिसबरी गावी नॅन्सी ल्यूस नावाची बाई राहत असे (१८१४-१८९०). आईवडील गेल्यावर आजारी शरीराने ती एकटी राहिली. कोंबड्या हीच तिची सोबत आणि कमाई. तिने त्यांना जगात कोणी ठेवली नसतील अशी नावे ठेवली. एडा क्वीटी आणि ब्यूटी लिना या दोघी तिच्या विशेष लाडक्या. त्या गेल्यावर तिने त्यांच्यावर कविता लिहिल्या, पुस्तिका छापली, आणि कोंबड्यांच्या थडग्यांवर संगमरवरी शिळा बसवल्या. तिच्या नोंदीप्रमाणे एडा क्वीटी गेली २५ फेब्रुवारी १८५८ रोजी, गुरुवारी रात्री बारा वाजता, वय जवळजवळ नऊ वर्षे. ब्यूटी लिना गेली १८ जानेवारी १८५९ रोजी, मंगळवारी, वय बारांहून अधिक. तिचे व्याकरण आणि शुद्धलेखन मोडके होते. पण तारीख, वार, प्रहर आणि वय एवढ्या काटेकोरपणे तिने नोंदवले, कारण जग हे नोंदवणार नाही हे तिला ठाऊक होते. बेटावर सहलीला येणारे लोक तिला पाहायला जात, पुस्तिका विकत घेत आणि हसत. गावची पोरे छळत. आज त्या शिळा बेटावरच्या संग्रहालयात आहेत आणि तिच्या स्वतःच्या थडग्यावर लोक प्लास्टिकच्या कोंबड्या आणून ठेवतात. यातही थोडे हसू उरलेच आहे. तरी शतकाहून अधिक काळाने का होईना, तिच्या शोकाला पत्ता मिळाला.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या जातीचे. ब्राझीलच्या क्लॅरिस लिस्पेक्टर यांच्या १९६० सालच्या संग्रहात एका कोंबडीची छोटी कथा आहे. रविवारच्या जेवणासाठी आणलेली ही कोंबडी छपरांवरून पळते, पकडली जाते आणि स्वयंपाकघरात आणताच घाबरून अंडे घालते. घरची लहान मुलगी तिला मारू नका म्हणून ओरडते. कोंबडीला जीवदान मिळते, ती घरात मानाने राहू लागते. आणि मग, कसलेही कारण न सांगता, कथा तिला एका छोट्या वाक्यात संपवते. ती कथा वाचून हसणारा वाचक आम्हाला भेटलेला नाही. लिस्पेक्टर कोंबडीला माणूस बनवत नाहीत, तिच्या तोंडी संवाद घालत नाहीत. तिचा बुद्दूपणाही झाकत नाहीत. ती कोंबडीच राहते, आणि म्हणूनच तिचे मरण आपल्या अंगावर येते. म्हणजे विषय हलका नसतो. त्याच्याकडे पाहणारी नजर हलकी असते.

आता आक्षेप. पहिला सहकाऱ्यांचा : कोंबडी खाता आणि कोंबडीसाठी रडता? हो. काकी दोन्ही करतात आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून पाव किलो आणणाऱ्याला जीव आणि मांस यांतले अंतर कधी चालावे लागत नाही. काकी ते अंतर वर्षातून अनेकदा चालतात. ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण ज्यांनी घडवली त्यांना मारणे आणि खाणे दोन्ही माहीत होते. म्हणून जाणाऱ्या जिवाचा उल्लेख त्यांनी आधी केला. कोंबडी खाणे नैतिक की अनैतिक हा वाद मोठा आहे आणि तो आम्ही येथे सोडवत नाही. पण शोक करण्याआधी शाकाहाराचे प्रमाणपत्र आणा, ही अट शोक टाळण्यासाठी घातलेली आहे, नीतीसाठी नव्हे.

दुसरा आक्षेप भावविवशतेचा. त्याची धास्ती आम्हालाही आहे. शहरांत पाळीव प्राण्यांभोवती जी गोड भाषा तयार झाली आहे, जिच्यात कुत्रा ‘बाळ’ होतो आणि मालक ‘आई-बाबा’, ती आम्हाला या विनोदाइतकीच नकोशी वाटते. दोन्हींत प्राणी गायब होतो. एकीकडे तो पदार्थ होतो, दुसरीकडे आपल्या वात्सल्याचा आरसा. काकींनी तांबडीला कधी लेक म्हटले नाही. ती कोंबडी होती. घाण करायची, चोची मारायची, भित्री होती. म्हाताऱ्या कोंबडीला म्हातारी कोंबडी म्हणून निरोप देता येतो, हे काकींनी एका क्रियापदाने दाखवले. यात विवशता कुठे आहे? असलीच तर ती ‘नर्मविनोदी करा’ या सूचनेत आहे. दुःख उघडे दिसले की त्यावर विनोदाचे पांघरूण टाकण्याची घाई हीसुद्धा भावनेपुढची विवशताच असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर : माणसे मरत असताना, शेतकरी गळफास घेत असताना कोंबडीचे काय घेऊन बसलात? याला आमच्यापाशी चलाख उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की करुणा ही शिधापत्रिकेवर मिळणारी साखर नाही, की कोंबडीला दिली तर माणसाला कमी पडेल. उलट, ज्या गावात माणसांचा शोक कसा करायचा हे माहीत आहे, त्याच गावात काकींचा शब्द घडला आहे. आणि ‘हा शोक किरकोळ’ असे म्हणण्याची सवय एकदा लागली की ती पक्ष्यांपाशी थांबत नाही. रसाभासाच्या यादीत अधम पात्र आणि तिर्यक् शेजारी शेजारी आहेत, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

संपादकांविषयी आमच्या मनात अढी नाही. त्यांनी प्रामाणिकपणे जे शिकले ते लावले, आणि ते शिकवणाऱ्यांत आम्हीही आहोत. म्हणून ही तक्रार तितकीच आमच्याविरुद्धही आहे. करुणरसाचा तास घेताना आम्ही इतकी वर्षे क्रौंचापाशी थांबलो. व्याधाच्या बाणाने मेलेला पक्षी चालला, म्हातारपणाने गेलेला आठवला नाही. या वर्षी त्या तासाला आम्ही मुलांना एक काम देणार आहोत : आपापल्या घरी आजी, आई, काकी कोणत्या प्राण्याच्या मरणाला कोणते क्रियापद वापरतात ते विचारून या, आणि त्यांनी सांगितले तसेच लिहून आणा, दुरुस्त न करता. शब्दकोशात नसलेले बरेच काही वर्गात येईल अशी आमची अटकळ आहे. पुष्कळदा ‘मेली’ही येईल. येऊ दे. ज्यांनी पाळले, त्यांनी तो शब्द निवडावा. आमचे म्हणणे एवढेच.

तांबडी गेली त्या संध्याकाळी काकी नेहमीप्रमाणे खुराडे लावायला गेल्या. दार लावण्याआधी त्या कोंबड्या मोजतात. त्या दिवशी त्यांनी दोनदा मोजल्या आणि मग कडी घातली.

टिपण आम्ही त्याच नियतकालिकाकडे पुन्हा पाठवले आहे. तीनही ठिकाणी ‘गेली’ आहे. छापायचे असेल तर तसेच छापावे.